ताण नक्की कशाचा: अभ्यासाचा, कामाचा की हातात काहीच नसण्याचा?

अबोली

आमच्या घरात आणि ओळखीत मिळून स्पर्धा परीक्षा देणारी बरीच मुलं-मुली आहेत. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ या भागात कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेत बसतात, मेसला जेवतात. त्यांचा विषय निघाला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "पोराला अभ्यासाचा फार ताण आलाय." मी नोकरीभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि मला हे निदान चुकीचं वाटतं. अभ्यासाचे तास हा या मुलांच्या दिवसातला त्यातल्या त्यात निवांत भाग असतो, असं माझं ठाम मत झालंय. त्यावर बोलावं म्हणून हा धागा.

आधी थोडा इतिहास. १९३६ साली मॉन्ट्रियलला काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमेपर्यंत पळवा, नाहीतर त्रासदायक औषध टोचा, शरीरातले बदल तेच दिसत होते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजायच्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसायची, जठरात व्रण पडायचे. म्हणजे त्रास कसलाही असो, शरीराची काही उत्तरं ठरलेली असतात. इथून ताणाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला. पण त्यामुळे एक समजही रुजला, की जेवढा बोजा मोठा तेवढा ताण मोठा. १९६७ मध्ये होम्स आणि राहे यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०. बेरीज करा आणि आजारी पडण्याचा धोका किती ते बघा.

यादी उपयोगी होती, पण एकच घटना एकाला मोडते आणि दुसऱ्याला नाही, हे तिच्यातून कळत नव्हतं. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ च्या पुस्तकात यावर जी मांडणी केली ती मी वर्षानुवर्षं शिकवली. माणूस मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतो. यात माझं काही पणाला लागलंय का? आणि मला याबाबत काही करता येण्यासारखं आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं की खरा ताण सुरू होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं वजन किती आहे ते मानसशास्त्रज्ञ वाइस यांच्या प्रयोगांत दिसतं. साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला त्यांनी उंदरांच्या शेपटीला विजेचे धक्के दिले. एका उंदराला चाक फिरवून धक्का थांबवता येत होता. शेजारच्याला तेवढेच, त्याच क्षणी धक्के बसत होते, पण त्याचं चाक कशालाच जोडलेलं नव्हतं. दोघांच्या वाट्याला आलेली वीज सारखीच. जठरातले व्रण मात्र दुसऱ्याला कितीतरी जास्त. आणखी एक गोष्ट त्यांनी तपासली. धक्क्याआधी आवाज करून इशारा दिला, तर इशारा न मिळालेल्यांपेक्षा व्रण कमी पडत.

माणसांवरचा एक प्रयोग २०१६ चा आहे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा. ४५ जणांना संगणकावर दगड उलटायचा खेळ दिला. दगडाखाली साप निघाला तर हाताला वेदना होईल असा विजेचा धक्का. साप निघण्याची शक्यता सतत बदलती ठेवली होती. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या आणि स्वतः सांगितलेला ताण, या सगळ्यांवरून दिसलं असं की धक्का नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता. सगळ्यात जास्त ताण शक्यता पन्नास टक्के असताना होता.

आता हे पुण्यातल्या मुलांना लावून बघा. राज्यसेवेची २०२० ची पूर्वपरीक्षा आधी ५ एप्रिल २०२० ला होती. करोनामुळे पुढे गेली. मग १३ सप्टेंबर, मग ११ ऑक्टोबर, मग १४ मार्च २०२१. तीही तीन दिवस आधी पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, मुलं रस्त्यावर उतरली आणि शेवटी २१ मार्चला पेपर झाला. प्रत्येक वेळी कारण होतं, काही वेळा अगदी योग्य होतं. माझा मुद्दा कारणाचा नाही. मेंदूच्या दृष्टीने तो प्रत्येक वेळी उलटायचा राहिलेला दगड असतो.

याच्या जोडीला लोकांच्या नजरा. डिकरसन आणि केमेनी या दोघींनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सगळ्यात जास्त कधी वाढतं आणि सगळ्यात उशिरा कधी खाली येतं? काम आपल्या ताब्यात नसतं आणि त्याच वेळी दुसरं कुणीतरी आपली पारख करत असतं तेव्हा. नुसतं कठीण गणित सोडवताना एवढं होत नाही.

गावाकडून येणारा "काय, यंदा निघतेय का पोस्ट?" हा फोन या दोन्ही अटी पुऱ्या करतो.

तुमचा अनुभव काय? परीक्षेचाच हवा असं नाही.

मुळशीकर

ताई, माहिती चांगली आहे, पण मी थोडा वेगळा विचार मांडतो. ताण वाईटच असं का धरायचं? आम्ही व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात तो टेकडीसारखा आलेख शिकलो आहोत. ताण अगदी कमी असेल तर माणूस सुस्त, अति असेल तर कोलमडतो, मध्ये असेल तर उत्तम काम. येर्क्स आणि डॉडसन, १९०८. मुलांवर थोडं दडपण नको का? आज घरून कुणी काही विचारायचंच नाही म्हटलं तर तिशी कधी उलटली हेही कळत नाही. मी हे आकसाने म्हणत नाही. माझ्या मेव्हण्याचं असंच झालंय आणि जीव तुटतो बघून.

निबंधवही

मी सध्या हेच करतेय. मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, दिली आहे, निकालाची वाट बघतेय, त्यामुळे लिहायला वेळ आहे.

अबोलीताई, अभ्यास हा त्यातल्या त्यात निवांत भाग, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. खरंच तसंच आहे. पॉलिटीचा एखादा चॅप्टर घेतला की दोन तास कुठे गेले कळत नाही. तो चॅप्टर माझ्या हातात असतो. वाचला की संपतो.

निकालाचा दिवस कसा असतो ते सांगते, बाहेरच्यांना कळत नाही. आधी टेलिग्रामवर अफवा येतात, "आज संध्याकाळी लागतोय." सकाळपासून अभ्यासिकेत कुणी वाचत नसतं, पण कुणी उठूनही जात नाही. पुस्तक उघडं, मोबाइल पुस्तकाच्या घडीत. दर काही मिनिटांनी साइट रिफ्रेश. मग एकाच्या फोनवर पीडीएफ उघडते आणि पूर्ण हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचा आवाज होतो. पीडीएफमध्ये नंबर शोधायचा असतो. मी शेवटचे चार आकडे टाकते आणि मोबाइल उलटा ठेवते. ते गोल गोल फिरणं बघवत नाही. शेजारच्या कंपार्टमेंटमधली मुलगी रडत असेल तर ती कशाने रडतेय हेही कळत नाही आणि विचारता येत नाही. गेल्या वेळी माझं थोडक्या मार्कांनी गेलं. त्या रात्री मेसमध्ये पुरणपोळी होती, कारण कुणाची तरी निघाली होती आणि त्याने सगळ्यांना दिली. मी जेवले. नाही जेवले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं.

मुळशीकर दादा, दडपण नको असं नाही. पण आमच्यावर दडपण कमी आहे असं तुम्हाला का वाटतं ते कळलं नाही. वय वाढतंय, मैत्रिणींची लग्नं झाली, धाकटा भाऊ कमावतो. हे कुणी बोलून दाखवायची गरज नसते.

स्टेथो

अबोली, उत्तम धागा. डॉक्टर म्हणून दोन भर आणि एक दुरुस्ती.

दुरुस्ती आधी. वाइसच्या उंदरांमुळे वाचकांचा असा समज व्हायला नको की माणसाच्या पोटातला अल्सर ताणानेच होतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवून दिला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अल्सरची मोठी कारणं म्हणजे हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. ताण त्यात भर घालतो, पण पोट दुखतंय तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून गप्प बसू नका, तपासून घ्या. अभ्यासिकेतली मुलं उपाशीपोटी चहा आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेतात, त्यांना हे जास्त लागू आहे.

आता शरीरात काय होतं ते. धोका जाणवला की काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं. छातीत धडधड, तळहाताला घाम, तोंडाला कोरड. ही पहिली फळी. दुसरी फळी सावकाश येते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला, तिच्याकडून मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला निरोप जातो आणि कॉर्टिसॉल वाढतं. त्याला शिगेला पोचायला वीस ते तीस मिनिटं लागतात. कॉर्टिसॉल हा काही खलनायक नव्हे. रोज सकाळी उठल्यावर ते आपोआप वाढतं, म्हणून तर आपण अंथरुणातून उठून कामाला लागतो. गोष्ट बिघडते ती ते खाली न येण्यामुळे. ब्रूस मॅक्यूएन यांनी १९९३ मध्ये यासाठी ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ ही कल्पना मांडली. संकटाशी जुळवून घेणारी यंत्रणा सतत चालू राहिली की तिचीच झीज रक्तदाबात, साखरेत, झोपेत, पोटावरच्या चरबीत दिसायला लागते.

दुसरी भर परीक्षेबद्दल. "पेपरमध्ये काहीच आठवलं नाही, बाहेर पडल्यावर सगळं आठवलं" ही तक्रार पालकांना बहाणा वाटते. ती खरी असते. आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात कॉर्टिसॉलचा निरोप पकडणारी ग्राहकं (रिसेप्टर) भरपूर असतात. डी क्वेर्वेन यांच्या गटाने आधी उंदरांत आणि मग २००० साली माणसांत दाखवलं, की कॉर्टिसॉल चढलेलं असताना साठवलेलं बाहेर काढणं अवघड जातं. माहिती पुसली जात नाही, फक्त तेवढ्या वेळापुरती सापडत नाही. त्यामुळे अशा मुलाला "तुझा अभ्यासच कच्चा होता" म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि एक दिलासा. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी मोठ्या परीक्षेची महिनाभर तयारी करत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं, २००९ चा अभ्यास आहे. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणं त्यांना जड जात होतं आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्याही मंदावल्या होत्या. परीक्षा संपून महिना निवांत गेल्यावर पुन्हा तपासलं तर सगळं पूर्ववत. तरुण मेंदू भरून येतो. पण त्याला तो निवांत महिना मिळावा लागतो, आणि प्री झाली की मेन्स, मेन्स झाली की दुसरी जाहिरात, असं चाललेलं असतं तेव्हा तो मिळतच नाही.

शिफ्ट_बी

परीक्षेचा काही संबंध नाही, तरी लिहितो. चाकणला कंपनीत आहे, लाइनवर. आमच्यात एक समज आहे की खरा ताण साहेबाला, आपण काय, हात हलवायचे आणि घरी जायचं. माझा अनुभव उलटा आहे. साहेब मीटिंगमधून उठून चहाला जाऊ शकतो. मला बाथरूमला जायचं तर रिलिव्हर यावा लागतो. ओव्हरटाइम आहे की नाही हे शिफ्ट संपायला अर्धा तास उरला की कळतं. बायको विचारते किती वाजता येणार, मी काय सांगू? काम जड नाही. हे जड आहे.

अबोली

शिफ्ट_बी, तुम्ही लिहिलंत ते इंग्लंडमध्ये मोजून झालंय. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, सतरा हजारांहून जास्त पुरुष. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना दवाखाना. तरीही सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या लोकांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या श्रेणीतल्यांच्या तिपटीहून जास्त होतं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही फरक पुरता भरून निघाला नाही. १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात बायकाही घेतल्या. त्यातून मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की या फरकामागे एक मोठं कारण होतं, कामावर स्वतःचा ताबा किती. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं. मागणी जास्त आणि मुभा कमी, ही सगळ्यात घातक जोडी. ओव्हरटाइम आधी कळवणं याला कंपनीला एक पैसा लागत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मुळशीकर, तुमच्या आलेखाबद्दल. येर्क्स आणि डॉडसन यांचा मूळ प्रयोग माणसांवर नव्हता. ते उंदीर होते, दोन पेट्यांतली कोणती उजळ ते ओळखायचं, चुकलं की विजेचा धक्का. दोन पेट्यांतला फरक सहज कळण्याजोगा होता तेव्हा धक्का जितका जोरात तितके उंदीर लवकर शिकले, टेकडी नाहीच. फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा मात्र जोरदार धक्क्याने शिकणं बिघडलं आणि सौम्य धक्का बरा ठरला. प्रशिक्षणात यातली निम्मी गोष्ट सांगतात. काम जितकं अवघड आणि विचाराचं, तितकं दडपण कमी लागतं. आणि राज्यसेवेची मेन्स हे काही सोपं काम नव्हे.

तुमच्या मेव्हण्याबद्दलची कळकळ मात्र मला पोचली. किती अटेम्प्ट द्यायचे हा प्रश्न खराच आहे. माझं म्हणणं एवढंच, की ती मर्यादा त्याने स्वतः, शक्यतो निकालाच्या आधी, शांतपणे ठरवावी. निकालाच्या रात्री घरच्यांनी लादलेली मर्यादा आणि आधी स्वतः आखलेली मर्यादा यांत तारीख तीच असली तरी माणूस वेगळा उरतो.

सांजवेळ

माझा विषय वेगळा आहे, पण नियंत्रण हा शब्द वाचला आणि लिहावंसं वाटलं. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. दिवसभर बऱ्या असतात. संध्याकाळी दिवे लागले की कपाटातून साडी काढतात, पिशवीत कोंबतात आणि दाराशी उभ्या राहतात. "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल." हेच त्यांचं घर, चाळीस वर्षं. मी पिशवी हातात घेते, म्हणते, चला आई, चहा घेऊन निघू. कधी चहा होईपर्यंत विसरतात. कधी माझ्या हातावर मारतात.

कामाने मी थकत नाही. आज कुठली संध्याकाळ येणार ते माहीत नसतं, त्याने थकते. चार वाजल्यापासून माझी मान आखडते. गेल्या वर्षी स्वयंपाक करताना बोट कापलं ते इतके दिवस भरलं नाही की मधुमेहाची तपासणी करून घेतली. काही नव्हतं.

नणंद महिन्यातून एकदा फोन करते आणि विचारते, वजन का उतरलंय आईचं.

स्टेथो

सांजवेळ, तुमच्या बोटाचं कारण मी न तपासता सांगू शकत नाही. पण ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ मध्ये नेमका तुमच्यासारख्यांचा अभ्यास केला होता. डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाला घरी सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, तेवढ्याच मिळकतीच्या दुसऱ्या १३ जणी. सगळ्यांच्या हातावर अगदी छोटी, एकसारखी जखम केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. म्हणजे ही गोष्ट मनाची म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही, कातडीत दिसते.

सासूबाईंच्या डॉक्टरांना संध्याकाळच्या या बेचैनीबद्दल नक्की सांगा. दिवस मावळण्याआधीच घरात भरपूर उजेड करणं, दुपारची झोप कमी करणं, चार वाजता ठरलेलं एखादं हलकं काम, शेंगा सोलणं किंवा कपड्यांच्या घड्या, याचा काहींना उपयोग होतो. कधी कधी मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता असली तरी ही बेचैनी वाढते, ते तपासायला हवं. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची, ठरलेल्या वाराला. नणंदबाईंनी फोनऐवजी ती एक संध्याकाळ घ्यावी.

सांजवेळ

धन्यवाद. शेंगांचं करून बघते. नणंदेशी यांनाच बोलायला सांगेन, माझ्याकडून ते तक्रारीसारखं जातं.

वळीव

चर्चा छान चालू आहे. उपायांकडे कुणी वळलं नाही म्हणून मी विचारतो. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली की मार्क वाढतात, असं एक संशोधन सगळीकडे फिरतं. खूप क्लासवाले ते सांगतात. हे कितपत खरं?

अबोली

ते रामिरेझ आणि बायलॉक यांचं, २०११ साली ‘सायन्स’मध्ये आलेलं. घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना फायदा झाला असं त्यात होतं आणि मी स्वतः ते वर्गात मोठ्या उत्साहाने सांगत असे. पण ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले २१ सामाजिक प्रयोग पुन्हा, जास्त माणसं घेऊन करून पाहण्याचा एक मोठा प्रकल्प झाला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. १३ टिकले, हा त्यांत नव्हता. ज्याला लिहून बरं वाटतं त्याने जरूर लिहावं. मार्कांची हमी कुणी देऊ नये.

मला जास्त भरवसा वाटतो तो वेगळ्या गोष्टीचा. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं, की काही केल्या उपयोग होत नाही असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की प्राणी हताश व्हायला शिकतो, मग सुटका शक्य असली तरी हलत नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूतलं कार्य तपासून त्याच दोघांनी आपलाच सिद्धान्त उलटा केला. लांबलेल्या संकटात गळून बसणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘मी यात काही करू शकतो’ हे. आणि ते अनुभवानेच शिकता येतं, नुसत्या बोलण्याने नाही.

म्हणून दिवसात काहीतरी असं हवं जे आपण सुरू केलं आणि आपणच संपवलं, ज्याचा निकाल त्याच दिवशी लागतो. पळणं, स्वयंपाक, शेजारच्या मुलांना गणित शिकवणं, काहीही. वेळ वाया जातो असं घरच्यांना वाटलं तरी.

स्टेथो

अनुमोदन. एक गंभीर भर. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, कशातच गोडी वाटत नाही, सतत अपराधी वाटतं, किंवा ‘आपण नसलेलंच बरं’ असे विचार येतात, तर ते आता नुसत्या ताणाच्या पलीकडे गेलंय. तेव्हा धागे वाचत बसू नका. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. रूममेटसाठीही तुम्ही फोन करू शकता. आणि मित्राने असं काही बोलून दाखवलं तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

औसा_रोड

मी इथे फक्त वाचतो, आज खाते उघडून लिहितोय. लातूरकडचा आहे. थोरला पुण्याला असतो, चौथं वर्ष. तो धागा सुरू करणाऱ्या ताईंनी जो फोन लिहिलाय, तो फोन मीच करतो. मला त्याला दुखवायचं नसतं. दुसरं बोलायचं काय ते सुचत नाही. मी विचारतो अभ्यास कसाय, तो म्हणतो चालूय, मी म्हणतो बरं, पैसे पायजेत का, तो म्हणतो असू द्या. मग आई घेते फोन. काय बोलावं सांगा.

निबंधवही

काका, मी मुलीच्या बाजूने सांगते. आमचे पप्पा म्हशीबद्दल बोलतात. व्यायली का, दूध किती देते, पाऊस कुठवर आलाय. मला ते फोन सगळ्यात जास्त आवडतात. परीक्षेचं काही असलं तर मीच सांगते.

आणि पैशांचं. "असू द्या" म्हणजे पैसे आहेत असं नसतं. मागताना फार जड जातं. रूमचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, सगळं महिन्याच्या सुरुवातीला एकदम येतं. तो फोन करायचा म्हणून मी दोन-दोन दिवस आधीपासून वाचू शकत नाही. मैत्रिणींचंही तेच. कितीही थोडे असोत, ठरलेल्या तारखेला न मागता आले तर मोठी गोष्ट होईल.

मुळशीकर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही मेव्हण्याला ‘लागतील तेव्हा माग, लाजू नकोस’ असं सांगून ठेवलंय. आम्हाला वाटायचं हा मोठेपणा झाला. निबंधवही, तुझं वाचून बायकोशी बोललो. मर्यादेचाही विषय तोच काढेपर्यंत मी काढणार नाही, पण पैशाचं याच महिन्यापासून बदलतो.

अबोली

औसा_रोड, निबंधवहीने सांगितलं त्याहून चांगलं मी सांगू शकणार नाही. मला तुम्हालाच एक विचारायचंय. तुमची झोप कशी आहे? मुलाच्या निकालावर तुमचा काही ताबा नाही, पावसावर नाही, बाजारभावावर नाही. या धाग्यात आम्ही जे जे लिहिलं ते सगळं तुम्हालाही लागू होतं.

औसा_रोड

झोप मधी-मधी मोडते. तीनला जाग येते. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरला झोपेचं कधी सांगितलं नव्हतं, सांगतो.

पैशाचं पटलं. बँकेत विचारलं, दर महिन्याच्या १ तारखेला आपोआप जातील असं करून देतात, फॉर्म आणलाय. अडचण एवढीच की माझ्याकडे महिन्याला येत नाही, सोयाबीन निघाल्यावर एकदम येतं. तर ठरवलंय, माल विकला की त्याचं वर्षाचं वेगळ्या खात्यात टाकायचं आणि तिथून जाऊ द्यायचं. भाव काय मिळतो त्यावर आकडा ठरेल, पण जो ठरेल तो त्याला आधी सांगणार, म्हणजे त्याला हिशेब लागेल.

काल फोन केला. बैलाच्या खुराचं बोललो. तो बराच वेळ बोलला, मग त्यानेच सांगितलं की टेस्टला मार्क कमी पडलेत. मी म्हटलं बरं. अजून काय म्हणायला पाहिजे होतं का?

निबंधवही

नाही काका. पुढच्या वेळी खुराचं काय झालं ते त्याला नक्की सांगा, तो वाट बघत असेल.